दोघांत एक सूट

आमच्या घरात वस्तू कधी एकाची नसते. सायकल दोघांत, बॅट दोघांत. स्वेटर माझ्या अंगात ढगळ असतानाच घ्यायचा, आणि मला नीट बसू लागला की तो धाकट्या यशोधनकडे जायचा. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही असे वाढलो, आणि बाबांना त्याचा अभिमान आहे. मला तर चीड येते.

मोटरसायकलचा लेदर सूट घ्यायचं ठरलं तेव्हाही बाबांचा निर्णय आधीच झालेला. आम्ही दोघंही बाइकवेडे, पण यशोधनचं वेड पोटापाण्याचं होतं. एप्रिलपासून तो रायडिंग स्कूलमध्ये शिकवणार होता, त्यासाठी ऑफिसचा राजीनामाही देऊन झाला होता. तोवर ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर सराव. एक महिना तो जायचा, एक महिना मी.

"एकाच वेळी दोघं पडणार आहात का?" बाबा म्हणाले. "मग दोन कशाला?"

करोलबागेतला दुकानदार जाणकार होता. त्याने दोन भागांचा सूट काढला, रस्त्यावर नुसतं जाकीट घालायचं, ट्रॅकवर पँट चेनने जोडायची. यशोधनला तो चढवून त्याने उभ्या बाइकवर ओणवं बसवलं, आणि कोपरावरचं कडक कवच मुठीत धरून पिळलं. ते सरळ फिरून आतल्या बाजूला गेलं.

"ढीला है। गिरेगा तो पैड घूम जाएगा," तो म्हणाला. "इसको एक साइज़ छोटा दीजिए। लेदर बाद में खुलता है।"

छोटा साइज यशोधनला चापून बसला. माझी मात्र त्यात छातीपर्यंतही चेन येईना. मोठा मला बेतून शिवल्यासारखा होता.

"मोठाच घेऊ," बाबा म्हणाले. "लग्न झालं की हा अंगाने सुटेलच. तोवर आत स्वेटर घाल, बस."

यशोधनने माझ्याकडे बघितलं. बाबांपुढे तो कधी बोलत नाही, त्याच्या वाटचं मी बोलायचं असतं. मी चांगला कमावता आहे. छोटा त्याला घ्या, माझं मी बघतो, एवढंच म्हणायचं होतं. पण मी आरशासमोर उभा होतो. जन्मात पहिल्यांदा दोघांतली वस्तू माझ्या मापाची निघाली होती, आणि मला ती हवी होती.

"चालेल रे," मी म्हणालो. "मी ट्रॅकवाल्यांना विचारलंय, थोडं ढिलं चालतं." मी कुणालाही विचारलं नव्हतं.

फेब्रुवारीत यशोधन वळणावर घसरला. पाठ शाबूत, गुडघे शाबूत, सूटचं कातडं कुठे फाटलंसुद्धा नाही. फक्त उजवं कोपर डांबरावर आपटलं तेव्हा कवच भलतीकडे सरकलेलं होतं. दोन ऑपरेशनं झाली. हात आता अर्ध्यापलीकडे सरळ होत नाही, आणि स्कूलने दुसरा माणूस घेतला.

"सूट होता म्हणून पोरगं हाती लागलं," आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. बाबा बाइकला शिव्या घालतात. मी दोन महिने मूग गिळून बसलो. माझ्यासारखा भेकड माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

काल यशोधन डाव्या हाताने वरणभात खात होता. मी समोर बसलो.

"त्या दिवशी दुकानात मी खोटं बोललो," मी म्हणालो. "मी कुणालाच विचारलं नव्हतं."

"माहीत आहे, दादा."

"मग तू बोलला का नाहीस?"

"तू आरशात बघत होतास. इतकं खूश मी तुला कधी पाहिलं नव्हतं." त्याने भात कालवला. माझ्याकडे बघितलं नाही. "पुढच्या महिन्यात तू ट्रॅकवर जा. सूट तुझाच आहे."

बाहेरच्या खोलीतून बाबा म्हणाले, "बरोबर आहे. नुसता पडून कशाला राहायचा?"