मागून आणलेली बंडी

ठाण्यात तळ्याच्या अंगाला जी आळी होती, तिथं बाळंतपण कुणाचंही असो, कुंची गोदाची आणि दुपटं गोदाचं. सकाळी तुळशीला पाणी घालून, जप उरकून ती ओटीवर उजेडाला शिवायला बसे, दुपारी पुन्हा. चूल, पाणी, नवऱ्याचं, राघोचं, जेवण, सगळं त्या दोन बैठकांच्या मधे. हाती आलेलं कापड आधी गालाला लावून बघायची तिला लहानपणापासूनची खोड. बायका म्हणत, हिला देवीनंच शिकवलंय.

फक्त आता असलेल्या पोटच्या मुलासाठी तिनं कधी टाका घातला नव्हता.

आधीची तिन्ही बाळं तिच्या हातच्या झबल्यांतच गेली. चौथ्या खेपेला सासूबाईंनी, जनीबाईंनी, सटवाईला गाऱ्हाणं घातलं. “हा जगू दे माये. नाव दगडधोंड्याचं ठेवू. पाच वर्षांचा होईतो परक्या घरचं मागून घालू. आईची सुई त्याच्या अंगाला लागू देणार नाही.”

मुलगा जगला. धोंडीबाला आता चौथं सरत आलं होतं. मागून आणलेलं कधी खांद्यावर उसवलेलं असे, कधी गुडघ्याच्या वर जाई. उसवण दिसली की गोदाची बोटं शिवशिवत; मग ती हात पदराखाली घेऊन बसे.

मार्गशीर्षात खाडीवरचा वारा बोचू लागला आणि धोंडीबा खोकायला लागला. जनीबाई शेजारच्या सरस्वतीकडून एक बंडी मागून घेऊन आल्या. काळपट रंगाची, आत कापूस घातलेली.

“आजी, याला खिसा आहे!”

“आहे तर. काय ठेवणार त्यात?”

“तुला.”

“मला? अरे लबाडा, माझी हाडं तरी मावतील का?”

तो त्या बंडीतच जेवला आणि बंडीतच निजला. सकाळी अंग पुसायला म्हणून गोदानं ती काढली, उलटी केली, आणि तिचा हात थांबला. काखेत, शिवण संपते तिथं, तांदळाच्या दाण्याएवढी गाठ होती. मुलानं हात वर केला तरी उसवू नये म्हणून ती गाठ गोदा घालायची. आळीत दुसरं कोणी घालत नसे.

धोंडीबानं बंडी हिसकावून पुन्हा चढवली. गोदा तशीच सरस्वतीकडे गेली. ती तांदूळ पाखडत होती.

“वहिनी, ती बंडी कुणी शिवलेली?”

“कोणती, कालची? आमच्या विठ्ठलची ती. मळ दिसू नये म्हणून रंगवून घेतली होती.” मग सूप तिच्या हातात थांबलं. “अगं बाई! तूच शिवली होतीस गं.”

“मग दिलीत कशी?”

“ध्यानात आलं असतं तर दिली असती का? माझ्या घरात तुझ्या हातचं नाही, असं आहे तरी काय? माझे टाके बघितलेस ना, कुंपणाला काटे लावावेत तसे!” ती हसली. गोदाचा चेहरा बघून तिनं सूप बाजूला ठेवलं.

गोदा उंबऱ्याशी बसली. “आणि गेल्या वर्षीचं निळं झबलं?”

“ते माझ्या नणंदेचं. तिच्या पोराला तूच...” सरस्वतीनं पुढचं गिळलं. जवळ सरकून म्हणाली, “हे बघ गोदे, इतकी वर्षं तो तेच घालून जगला ना? देवीनं चालवून घेतलं म्हणायचं.”

“चालवून घेतलं की मनात ठेवलंय, ते मला कसं कळणार, वहिनी?”



घरी येऊन गोदानं बंडी काढायला घेतली. धोंडीबानं किंकाळी फोडली, खिसा मुठीत धरून ठेवला. एकेक बोट सोडवावं लागलं.

“अगं, पोराला हुडहुडी भरलीय आणि काढतेस काय?” जनीबाई देवापुढून उठून आल्या. गोदानं गाठ त्यांच्या बोटाला लावली. त्यांना फारसं दिसत नसे. अंगठ्यानं चाचपून त्यांनी ओळखलं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

“आता मागू कुणाकडे गं? तुझी सुई शिरली नाही असं घर आळीत राहिलंय का?”

“कल्याणला...”

“तुझं माहेर ना ते? तिथं तर पेटी भरून कुंच्या धाडल्यास.”

“आत्याबाई, बाजारातून तयार आणवलं तर?”

“विकतचं नाही चालत. मागूनच म्हणाले होते मी.” त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “माझ्याच तोंडानं म्हणाले होते.”

थोड्या वेळानं त्या उठल्या. “डोंबिवलीला जाते. तिथं आपल्याला कुत्रंसुद्धा ओळखत नाही. कोणीतरी देईल. राघोला सांग, संध्याकाळच्या गाडीनं येते.”

“तोवर याला घालू काय? गोधडीसुद्धा माझ्याच हातची.”

जनीबाईंनी तिच्याकडे बघितलं. “तुझ्या लुगड्याला कुठं सुई लागलीय? पदरात घे.”

गोदानं त्याला मांडीवर घेऊन पदरात गुंडाळलं. रडून रडून तो निजला. छाती सूं सूं वाजत होती. खांदा झाकला की पाय उघडे पडत, पाय झाकले की खांदा. चूल विझून गेली होती. पेटवायला उठायचं तर पदर सोडावा लागला असता. बाहेरून कोणीतरी हाक मारली, “गोदे, माझ्या बाळाची कुंची झाली का गं?”

तिनं ओ दिली नाही. पाय झाकले, मग पुन्हा खांदा.