बनाबाईची तीन पायांची काठी

मित्रांनो, मी बाभळीची एक जुनी काठी आहे. इतर काठ्यांना खाली एकच टोक असते. मला तीन आखूड पाय आहेत. लोक बघून हसतात. हसोत. माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे.

एकोणीसशे तीस-एकतीस सालची हकिकत. सोलापूरजवळ कुंभारीत बनाबाई नावाची म्हातारी सुईण होती. आसपासच्या वस्त्यांवरची निम्मी मुले तिच्या हातावर जन्मलेली. एका उन्हाळ्यात ती मुरमाड उतारावर घसरली आणि तिचा गुडघा कायमचा अधू झाला. साधी काठी दगडावरून निसटायची, काळ्या रानात रुतायची. बनाबाई घरात बसून राहिली.

सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतला सुतार बसवराज तिला भेटायला आला. त्याच्या बायकोची दोन्ही बाळंतपणे तिनेच केली होती. त्याने तिला अंगणात चालायला लावले आणि काठीच्या टोकाकडे बघत राहिला.

“अव्वा, तुझ्या पायाचं बघू नंतर,” तो म्हणाला. “आदी ह्या काठीला पाय लावू.”

आठ दिवस त्याने मला घडवले. चार पाय लावले तर खडबडीत जमिनीवर एखादा अधांतरी राहतो, म्हणून तीनच लावले, बाहेर पसरलेले. प्रत्येकाखाली जुन्या मोटेचे जाड कातडे ठोकले. मी दगडावर घट्ट बसू लागले, चिखलात रुतेनाशी झाले. दोन वर्षे बनाबाई माझ्यावर भार टाकून वस्त्या-वस्त्यांवर फिरली.

मग तिच्या मुलाची, धुळाप्पाची, नजर माझ्यावर गेली. मेंढवाड्याचे दार वाऱ्याने उघडत होते. त्याने मला दाराला टेकू म्हणून लावले, आणि नीट बसेना म्हणून वरून दगडाने ठोकले. माझा एक पाय मोडला.

“आरं, माजी काठी हाय ती!” बनाबाई ओरडली.

“ऱ्हाऊ दे की आय. तुला कुटं जायाचंय आता? बस घरात निवांत.”

धुळाप्पा दुष्ट नव्हता. दोन्ही वेळा आईला वाढल्याशिवाय तो जेवत नसे. म्हणूनच मला त्याचा जास्त संताप येतो.

चार दिवसांनी भर दुपारी ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून श्रीमंत नावाचा तरुण धावत आला. “मावशी, माजी बायकू हेमावती अडलीया. सकाळधरनं कळा हायत. चला की!”

धुळाप्पा मेंढ्या घेऊन लांब गेला होता. बनाबाईने मला ओढून काढले, जमिनीवर टेकवले. मी लटपटले. तिने मला खाली ठेवले आणि कोपऱ्यातला बांबू उचलला. मी तिथेच पडून राहिले. असली चीड मला कधी आली नव्हती.

पुढचे श्रीमंतने नंतर सांगितले. उतारावर बांबू निसटला आणि ती उजव्या हातावर पडली. मनगट मोडले. तो तिला परत आणू लागला, तर ती त्याच्यावरच खेकसली, “घरी कशाला नेतूस? घोंगड्यात घाल आन् तिकडं न्हे!” तिथे बसून, डाव्या हाताने खुणा करत, तिने श्रीमंतच्या आईकडून सगळे करवून घेतले. मूल रडले. हेमावती वाचली. बनाबाईचे मनगट मात्र वाकडेच जुळले.

बसवराज आला. माझा मोडका पाय त्याने धुळाप्पापुढे धरला.

“मला काय ठावं, एवडं हुईल म्हणून,” धुळाप्पा पुटपुटला.

“बसवराज,” बनाबाई म्हणाली, “ह्येचा गुडगा बांद. फळी लावून बांद. आन् दे त्यो बांबू हातात. जा रं आता, वड्यापातूर जाऊन ये.”

धुळाप्पा दहा पावले गेला. बांबू निसटला आणि तो गोट्यांवर आपटला. तळहात सोलून निघाले. कोणी हसले नाही.

“आय, चुकलो.”

“ऊठ. दगूड येच.”

दिवस मावळेपर्यंत तो उतारावरचे दगड वेचत होता. दुसऱ्या दिवशी त्याने तिथे पायऱ्या खोदल्या. बसवराजने मला नवा पाय बसवला आणि माझी मूठ डाव्या हातासाठी तासून दिली.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची काठी आजच उलटी करून बघा. टोक झिजले असेल तर बदलून आणा. तिला दुसऱ्या कामाला जुंपू नका. त्या माणसाच्या वाटेवरून एकदा स्वतः सावकाश चालून बघा.

बनाबाई आणखी चार वर्षे माझ्या आधाराने फिरली. थंडीत तिचे मनगट ठणकायचे, तेव्हा धुळाप्पा ते शेकून द्यायचा. तिने त्याला केव्हाच माफ केले होते. ती आई होती. मी काठी आहे. मी माफ केलेले नाही.