पुसलेलंही जसंच्या तसं

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. तंजावूरच्या एका वेबसाइटच्या ऑफिसात टेबलाखाली, येणाऱ्याजाणाऱ्याच्या लाथा खात पडलेला काळा डबा! मला सांबशिवनं बसवलं. त्याची धाकटी बहीण शांभवी लॅपटॉपवर साइटची फाइल बदलून सेव्ह करायची, की पापणी लवते न लवते तोच ती माझ्याकडे हजर. जगाला दाखवण्याआधी साइट माझ्यावर तपासायची. तिनं तिकडे काही पुसलं, की मीही पुसायचं, अशी सांबशिवची आज्ञा. "गडी एकदम इमानी," म्हणून तो माझ्या पाठीवर थाप मारायचा. मीही फुगायचो.

त्यांच्या अप्पांनी, बाळकृष्णरावांनी, साइटसाठी इथल्या मराठीतले तीनशे शब्द बोलून ठेवले होते. इथं देवनागरी वाचणारे थोडे, म्हणून आवाजात. मागच्या ऐप्पसी महिन्यात, दिवाळीच्या सुमारास, अप्पा गेले. दुसरी प्रत कुणी काढलीच नाही. सर्व्हरवर आहे की, म्हणायचे दोघं.

परवा दुपारी सांबशिव म्हणाला, "अप्पांचा आवाज साइटवरून काढून टाक. दुसऱ्या कुणाचा घालू. त्यांना दम लागलेला ऐकवत नाही मला."

"नक्को, अण्णा. हात लावून तर बघ!" शांभवी भावावर उसळली.

त्यानं खुर्ची उचलून काचेच्या कपाटावर हाणली. शांभवीनं कॉफीचा पितळी टंबलर भिरकावला. त्याचं कपाळ फुटलं. डोळ्यांत रक्त उतरलं तसा तो पिसाळला. तिला भिंतीवर ढकलून त्यानं लॅपटॉप ओढला आणि सगळे आवाज कायमचे पुसले. "रडू नको! टेबलाखाली आहेत, घे तिथून!"

अरे माणसा, आज्ञा तुझीच ना? रागात तीच विसरलास? हुकूम माझ्याकडे आला आणि मी एकेका आवाजाचा गळा घोटत सुटलो. मला थांबता येत नव्हतं हो!

शांभवीच्या ध्यानात आलं. "अय्यो अण्णा, तोही पुसतोय! वायर उपट!" रक्ताळलेल्या हातांनी त्यानं वायर हिसडली आणि मला अशी लाथ घातली की माझा पत्रा चेपला.

एकोणीस शब्द उरले. फुटक्या काचांत बसून दोघांनी ते ऐकले. अप्पा धापा टाकत होते, आणि सांबशिव हमसून हमसून रडत होता.

मित्रांनो, नक्कल करणाऱ्याला राखणदार समजू नका. जिवापाड जपायचं ते वेगळं काढा, तुमचा राग पोचणार नाही अशा जागी ठेवा. शांभवीनं ते एकोणीस आता तीन ठिकाणी ठेवलेत. बाकीचे दोनशे एक्याऐंशी मी मारले, आणि सांबशिव अजून माझ्यापुढे बसून विचारतो, "कुठं ठेवलेस रे?"