जनावरांच्या रोगांवर व्याख्यान

भोरातल्या नव्या वाचनालयाच्या चिंतोपंतांनी गेल्या बाजारी दवंडी पिटवली होती, की पुण्याचे विद्वान जनावरांच्या रोगांवर बोलणार आहेत. आज डोंगरावरचा सावळा नावाचा गवळी आजारी म्हैस घेऊनच आला आणि तिला वाचनालयाच्या दाराशी बांधू लागला.

चिंतोपंत वैतागले. "अरे, व्याख्यान नुसतं ऐकायचं असतं. म्हैस कशाला आणलीस?"

"आजारी ती हाय, पंत. म्या एकट्यानं ऐकून काय करू?"

मागून आणखी चार म्हशी येत होत्या. सर्व्हिस मोटारीनं आलेल्या विद्वानांनी खुर्ची भिंतीला टेकवली आणि हळूच विचारलं, "मारत नाहीत ना?"

पुढच्या आठवड्याचं 'तान्ह्या मुलांचे आजार' हे व्याख्यानही याच विद्वानांचं होतं. चिंतोपंतांनी बाहेर जाऊन ते फळ्यावरून पुसून टाकलं.