गोल झाल्याशिवाय चहा नाही

मित्रांनो, फुटबॉलच्या मैदानावर मी जितकी वर्षे काढली, तितकी आमच्या संघाच्या एकाही खेळाडूने काढलेली नाहीत. मी एक जुना थर्मास आहे. माझा रंग ठिकठिकाणी उडाला आहे, बुडाला पोचा आला आहे आणि खांद्याला अडकवायचा पट्टा दोनदा शिवून झाला आहे. यंदा मोसम सुरू होण्याआधी मी पाच सराव सामने पाहिले. त्या पाच सामन्यांनी मला जेवढे थकवले, तेवढे आधीच्या सगळ्या वर्षांनी मिळूनही थकवले नव्हते. त्याचीच ही हकीकत आहे, पण त्यासाठी जरा मागे जावे लागेल.

माझ्या पोटात काचेची एक बाटली आहे. तिला दोन भिंती आहेत आणि त्या भिंतींमधली हवा काढून घेतलेली आहे. त्या पोकळीच्या जोरावर गरम वस्तू गरम राहते. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला तिथून मी खोक्यात बसून दुसऱ्या एका कारखान्यात आलो. तिथे लेथ मशीनवर काम करणाऱ्या एका टर्नरने वर्षभरात एकही खाडा केला नव्हता, म्हणून साहेबांनी सर्वांसमोर मला त्यांच्या हातात दिले. टाळ्या झाल्या. दुसऱ्याच दिवशी टर्नरनी खाडा केला, कारण दुपारी सामना होता. मला घेऊनच ते मैदानावर गेले.

त्यांच्यासोबत त्यांचा मेव्हणा असे, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो वाचनालयात नोकरीला होता. "हळू बोला" हे दोन शब्द सोडले, तर दिवसभरात त्याच्या तोंडून फारसे काही बाहेर पडत नसे. मैदानावरही तीच तऱ्हा. संघाने गोल केला की तो उभा राहायचा, एवढाच त्याचा जल्लोष. बोलण्याचे काम टर्नरकडे होते. चेंडू कोणाकडे गेला, कोणाकडे जायला हवा होता, कोण आळशी झाला आहे आणि कोणाचे लग्न ठरल्यापासून लक्ष उडाले आहे, हे सगळे ते नव्वद मिनिटे न थांबता सांगत. मेव्हणा फक्त मान हलवी.

सुरुवातीला हे दोघे सामना सुरू होण्याआधीच मला रिकामा करीत आणि घरी आल्यावर पुन्हा चहा मागत. टर्नरच्या बायकोला त्याचा कंटाळा आला. एका दुपारी तिने माझे झाकण घट्ट आवळले आणि दोघांना बजावले, "गोल झाल्याशिवाय चहा नाही. मधेच उघडलात तर पुढच्या वेळी पाण्याची बाटली देईन."

तेव्हापासून तो नियम झाला. गोल झाला की माझे झाकण उघडायचे, त्याच झाकणात चहा ओतायचा, आधी एकाने प्यायचा, मग दुसऱ्याने. गोल झालाच नाही तर मैदानाच्या फाटकाजवळ एक झुडूप आहे, त्याच्या बुंध्याशी मला ओतून रिकामे करायचे. मित्रांनो, तुम्हाला खोटे वाटेल, पण आमच्या संघाचे जे जे मोसम वाईट गेले, त्या त्या वर्षी ते झुडूप जोमाने फोफावले.

एका वर्षी मात्र आमचा संघ विजेता ठरला. त्या आनंदात टर्नरनी माझे झाकण हवेत भिरकावले आणि ते गर्दीत हरवले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी लेथवर ॲल्युमिनियमचे नवे झाकण केले. त्याच्या आतले आटे त्यांनी असे बारीक पाडले, की झाकण दोन बोटांनी फिरवले तरी लोण्यासारखे बसे. कारखान्यातले लोक मला हातात घेऊन ते झाकण फिरवून बघत. माझ्या आयुष्यातले ते सर्वात मोठे कौतुक.

टर्नरची बायको वारली, त्याला आता चार वर्षे झाली. चहा टर्नर स्वतः करतात. नियम मोडायला आता कोणी अडवणारे नाही, म्हणूनच बहुधा तो कोणी मोडत नाही.

गेल्या मोसमात माझे झाकण तिरके बसू लागले. आधी मला वाटले, माझेच आटे झिजले असतील, वय झाले आहे. मग माझ्या लक्षात आले की टर्नर झाकण डोळ्यांजवळ नेतात, तोंडावर धरतात, आणि ते चुकीच्या आट्यावर चढते. चहा ओतताना ते झाकणात बोट बुडवून ठेवू लागले, म्हणजे भरल्याचे बोटाला कळावे. ज्या माणसाने केसाएवढा फरक नजरेने पकडला, त्याला आता झाकणाचा काठ दिसत नव्हता. हे त्यांनी कोणालाही सांगितले नाही. मला माहीत होते, पण मी कोणाला सांगणार?

पहिल्या सराव सामन्याच्या सकाळी त्यांनी मला ओट्यावर ठेवले. माझ्याखाली मोसमी पासाचा कोरा फॉर्म होता. शेवटच्या सराव सामन्याच्या संध्याकाळपर्यंत तो तिकिटाच्या खिडकीवर दिला नाही, तर मेव्हण्याशेजारची ती इतक्या वर्षांची जागा दुसऱ्या कोणाला मिळणार होती. घरात एकटे असले की टर्नर माझ्याशी बोलतात.

"हे बघ," ते म्हणाले, "पाच सामने आहेत. त्यात एक गोल, फक्त एक, मला माझ्या डोळ्यांनी धड दिसला, तर हा फॉर्म भरीन. नाही दिसला तर घरी बसीन. ज्याला दिसत नाही त्यानं उगाच जागा कशाला अडवायची?"

आमच्या संघाकडून माझी फार अपेक्षा नव्हती. एका गोलाची होती.

पहिल्या सामन्यात दोन गोल झाले, पण ते आमच्यावर झाले. आमच्या नव्या प्रशिक्षकाने गोलरक्षकाला चेंडू लांब मारायचा नाही, जवळच्या माणसाला द्यायचा, असे शिकवले होते. त्याने दोनदा तो जवळच्या माणसाला दिला. दोन्ही वेळा तो माणूस समोरच्या संघाचा होता. "सराव आहे," टर्नर म्हणाले. "निकालाला काही अर्थ नसतो."

दुसरा सामना गोलशून्य सुटला. मध्यंतरात आमचे अकराच्या अकरा खेळाडू बदलले आणि नवी पोरे नाव नसलेले सदरे घालून आली. त्या दिवशी टर्नर खुशीत होते. "कोण आहे रे तो?" असे ते सारखे विचारत होते आणि आजूबाजूची सगळी मंडळीही एकमेकांना तेच विचारत होती. त्या गोंधळात त्यांचे न दिसणे खपून गेले.

तिसऱ्या सामन्यात गाजावाजा करून आणलेला नवा आघाडीपटू उतरला. घराला कुलूप लावले की नाही हे आठवत चालावे, तसा तो धावत होता. एका गोलाने हरलो. चौथ्यात तीन गोलांनी हरलो. त्यात आम्हाला एक पेनल्टी मिळाली. टर्नर पुढे झुकले, डोळ्यांवर हाताची सावली धरली. चेंडू गोलावरून गेला, कुंपणावरून गेला आणि फाटकाजवळच्या त्या झुडपात पडला. सामना संपल्यावर माझा चहाही तिथेच गेला.

"गोलच करत नाहीत," त्या रात्री टर्नर मला विसळताना म्हणाले, "तर दिसणार कुठून?"

मला त्यांची दया आली आणि आमच्या संघाची चीड आली. आणखी एक गोष्ट सांगतो, जी मी लपवत आलो आहे. माझ्यातली पोकळी आता पहिल्यासारखी राहिलेली नाही. पूर्वी पोटात उकळता चहा असला तरी मी बाहेरून गार असे. आता बाहेरून कोमट लागतो. म्हणजे आतली ऊब झिरपते. अर्ध्या तासात चहा निवतो. तेव्हा आमच्यात लपवणारे फक्त टर्नरच होते असे समजू नका. मीही होतो.

पाचवा सामनाही आमच्याच मैदानावर होता. टर्नरनी फॉर्मची घडी करून माझ्या पिशवीच्या कप्प्यात ठेवली. पहिल्या अर्ध्यात आमचे खेळाडू नेहमीच्या हिरव्या सदऱ्यांत होते आणि पाहुणे पांढऱ्या. नेहमीप्रमाणे काही घडले नाही. मध्यंतरात टर्नर मुतारीच्या रांगेत उभे असताना भोंग्यावरून सांगण्यात आले, की आमचा संघ आता यंदाचा नवा पांढरा सदरा लोकांना दाखवणार आहे आणि पाहुणे हिरवे सदरे घालून येणार आहेत. टर्नरना रांगेतल्या गोंगाटात ते ऐकू गेले नसावे. परत आले तेव्हा मेव्हण्याने त्यांना सांगितले नाही, कारण न सांगणे हीच त्याची सवय. मध्यंतरानंतर बाजू बदलतात हे शेंबड्या पोरालाही कळते, मग हिरवे सदरे अजून पहिल्याच गोलाकडे कसे धावताहेत, हे टर्नरना तर केव्हाच कळायला हवे होते. पण महिनाभर ज्याची वाट पाहिली ते समोर आले की माणूस बाकीचे बघत नाही.

सत्तराव्या मिनिटाला हिरव्या सदऱ्यांचा एक घोळका पुढे सरकला, एकाने चेंडू मारला आणि जाळे हलले. हिरवे हात वर झाले.

"गोऽऽल!" टर्नर उठून ओरडले. "दिसला! मला दिसला! वरच्या कोपऱ्यात मारला!"

त्यांनी मला उचलले, झाकण काढले, बूच काढले, आणि बोट बुडवून चहा ओतला. सगळीकडे शांतता होती. पुढच्या रांगेतल्या एका माणसाने मागे वळून विचारले, "काय हो काका, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

मेव्हणा त्याच्याकडे बघून म्हणाला, "हळू बोला."

मग त्याने टर्नरच्या हातातले झाकण घेतले आणि शांतपणे घोट घेतला.

"कसा आहे?" टर्नरनी विचारले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"गरम आहे," मेव्हणा म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तेवढ्यात भोंगा खरखरला. गोल पाहुण्या संघाच्या नऊ नंबरने केला होता. पाहुणे एक, आपण शून्य.

टर्नर हळूच खाली बसले. बूच लावून त्यांनी मला मांडीवर घेतले.

"तुला माहीत होतं," ते मेव्हण्याला म्हणाले.

"हो."

"मग प्यालास कशाला?"

"तुम्ही ओतलात म्हणून."

"आणि माझ्या डोळ्यांचं? ते कधीपासून माहीत आहे?"

"गेल्या वर्षी तुम्ही तिरकं झाकण लावलंत आणि माझी पॅन्ट भिजली, तेव्हापासून."

"बोलला नाहीस."

"मी कधी बोलतो, दाजी?"

टर्नरनी मान खाली घातली. "तुझ्या ताईचा नियम मोडला मी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

मेव्हण्याने जरा विचार केला. "ताई म्हणाली होती, गोल झाल्याशिवाय चहा नाही. गोल झाला. कुणी करायचा, हे काही ती म्हणाली नव्हती."

टर्नर हसले नाहीत. "या मोसमात मी येत नाही रे," ते म्हणाले. "बघता येत नाही तर यायचं कशाला?"

मग त्या मुक्या माणसाने, मी त्याच्या तोंडून कधीच ऐकले नव्हते इतके शब्द एका दमात काढले. "दाजी, इतकी वर्षं मी नुसता बघत होतो. सामना मला तुमच्या बोलण्यानं कळायचा. तुम्ही नसलात तर मी इथे बसून कपाळ बघू? आता मी बघतो ते सांगतो. तुम्ही ऐका."

आणि तो सांगू लागला. "तो... आपला एक जण... चेंडू घेऊन... निघाला. दिला त्यानं. दुसऱ्याला."

"कुठला एक जण?" टर्नर वैतागले. "डावीकडून की उजवीकडून?"

"डावीकडून. नाही, उजवीकडून. गेला चेंडू."

"कुठे गेला?"

"बाहेर."

"अरे, बाहेर गेला ते मला न बघताही माहीत आहे! कुणी घालवला ते सांग. नंबर वाच, नंबर!"

उरलेली वीस मिनिटे टर्नर त्याला रागवत होते आणि तो घाम पुसत नंबर वाचत होता. इतके वाईट समालोचन मी माझ्या आयुष्यात ऐकले नाही. गोल काही झाला नाही. पाच सामने झाले आणि आमच्या नावावर भोपळा.

फाटकाजवळ टर्नरनी उरलेला चहा झुडपाला घातला. "यंदा यांचं काही खरं नाही," ते म्हणाले.

"नाही," मेव्हणा म्हणाला.

"हे झुडूप छपरापर्यंत जाणार." टर्नरनी पिशवीतून फॉर्म काढून मेव्हण्याच्या हातात दिला. "भर. माझं नाव नीट अक्षरात लिही."

मेव्हणा लिहीत असताना टर्नरनी मला बंद करायला घेतले. या वेळी त्यांनी झाकण डोळ्यांजवळ नेले नाही. मान वर करून ते दुसरीकडेच बघत होते. त्यांनी झाकण माझ्या तोंडावर ठेवले आणि आधी हलकेच उलटे फिरवले. आटा खाचेत बसल्याचा बारीकसा धक्का त्यांच्या बोटांना लागला, तसा मलाही लागला. मग त्यांनी दोन बोटांनी सुलट फिरवले. झाकण सरळ बसले, लोण्यासारखे. लपवायची धडपड संपली आणि हातांना आपले काम आठवले.

मित्रांनो, घरातल्या एखाद्या जुन्या वस्तूचे झाकण तिरके बसू लागले, तर ती लगेच भंगारात काढू नका. आधी ते लावणाऱ्याच्या हाताकडे बघा, आणि त्याला हळूच विचारा. आम्हा वस्तूंना सगळे कळते, पण विचारता फक्त तुम्हालाच येते.

आणि तुमच्यापैकी कोणी पुढे आमच्या संघात गेलाच, तर माझे एक ऐका. गोल करा, आणि जमले तर पहिल्या अर्ध्या तासात करा. तोवर मी अजून गरम ठेवू शकतो.