वरवंट्याखालचं पान

संगिताने घरातलं शास्त्र, म्हणजे बायबल, पाटावर उताणं उघडलं, दोन्ही अंगठ्यांनी मधली शिवण कडकड वाजेपर्यंत दाबली आणि वर वरवंटा ठेवला. मग तिचं तिलाच कसंतरी झालं. वरवंटा उचलून तिने खाली धुतलेलं फडकं घातलं. जणू फडक्याने पाप कमी होणार होतं!

तलासरीजवळच्या पाड्यावर रविवारची उपासना अजून चालू होती. पत्र्याच्या प्रार्थनाघरातली ढोलकी घरापर्यंत ऐकू येत होती. सासू रूपी आणि नवरा दिपक तिकडेच होते. संगिता डोकं दुखतंय म्हणून मागे राहिली होती. डोकं कसलं दुखतंय! खरं दुखणं वेगळंच होतं. नणंद जिवली या घरात राहायला येण्याच्या बेतात होती.

जिवलीला पावसाळ्यात लकवा मारला, डावी बाजू गेली. नवऱ्याने महिनाभर कसंबसं केलं आणि मग दुसरी बाई घेऊन तो उंबरगावकडे निघून गेला. आता ती कोसबाडला चिकूच्या वाडीतल्या झोपडीत पडून होती. शेजारणीला आठवण झाली तर भाकरी, नाहीतर उपास. रूपीने लेकीला घरी आणायचं मनात घेतलं होतं. पण आणल्यावर तिचं हगणं-मुतणं कोण काढणार? दिपक भिलाडच्या कंपनीत, सासूचे गुडघे गेलेले. म्हणजे संगिताच. आत्ता कुठे मागच्या खोलीत शिलाई मशीन बसलं होतं, पाड्यावरच्या बायका ब्लाउज शिवायला टाकू लागल्या होत्या. आणि एवढ्यात हे!

तोंडावर नाही म्हणायची तिची छाती नव्हती. तशी गरजही नव्हती, कारण या घरात हो की नाही ते शास्त्र सांगायचं. रूपीला अक्षर येत नव्हतं. काही अडलं की ती प्रार्थना करायची, डोळे मिटून शास्त्र उघडायची आणि उजव्या पानावर मधोमध बोट टेकवायची. बोटाखालची ओळ सुनेने वाचायची. प्रार्थनाघराचे पाळकसाहेब वैतागायचे.

"रूपीबाई, मागचं-पुढचं वाचून समजून घ्यायचं असतं. ही काय लॉटरी आहे?"

"तुमी वाचून विचारता, मी बोटानं विचारते," रूपी म्हणायची. "सांगणारा तोच ना?"

दिपकची नोकरी असंच विचारून ठरली, विहिरीची जागा तशीच. फार काय, शेळी विकायची की ठेवायची तेही. शेळीच्या वेळी अमक्याचा मुलगा तमका अशी वंशावळ निघाली. तरी म्हातारीने अर्थ लावला, वंश वाढू दे म्हणतोय, आणि शेळी ठेवून घेतली. ती पुढच्याच साली जुळं व्याली, तेव्हा पाळकसाहेबही गप्प बसले.

संगिताने आज हवं ते पान हेरून, शास्त्र तिथेच उघडावं म्हणून दाबून ठेवलं होतं. प्रेषिताच्या एका पत्रातलं. ज्याचं ओझं त्याने वाहावं, अशा अर्थाची ओळ उजव्या पानाच्या मधोमध होती. आपण खोटं काही वाचणार नाही, नुसतं पान पाडतोय, अशी तिने मनाची समजूत घातली. वचन तर खरंच होतं ना!

जेवणं उरकल्यावर रूपीने हात-तोंड धुतलं, डोक्यावर पदर घेतला. दिपक भिंतीला टेकून बसला.

"प्रभू, माजी पोर तिकडं पडलीय," रूपी म्हणाली. "काय करू ते सांग. सांगशील तसं करीन."

तिने शास्त्र उघडलं. घरची वाट ठाऊक असलेल्या गुरासारखं ते त्याच पानावर आलं. म्हातारीचं बोट खाली उतरलं आणि टेकलं.

संगिता वाचायला वाकली. बोट तीन ओळी वर पडलं होतं. तिथे एकमेकांची ओझी उचलायला सांगितलं होतं.

तिची कानशिलं तापली. पान धरल्याचं निमित्त करून तिने त्या ओळीवर अंगठा ठेवला आणि खालची ओळ वाचली. आवाज जराही अडखळला नाही. निदान अडखळायला तरी हवा होता, असं तिला वाटलं.

"ज्याचं वझं त्यानं वाहावं," रूपीने शब्द घोळवून पाहिले. "असं म्हणतो?"

"तसंच आहे, आई."

"मग तसंच."

ना रडणं, ना भांडण. रूपीने दिपकला स्पीकरवर फोन लावायला सांगितला आणि जिवलीला वचन जसंच्या तसं ऐकवलं.

"वचन आलंय, तर मंग वाद कसला," जिवली जड जिभेने म्हणाली. "वहिनीनं वाचलं ना? मंग बरोबरच आसंल. वहिनीला सांग, मनाला लावून घेऊ नको."

संगिता उठून मागच्या दारी गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. जिवलीने चार शिव्या हासडल्या असत्या, तर उलट शिव्या देता आल्या असत्या. आता कुठे तोंड लपवावं! नवरा पाणी प्यायला आला, त्याच्याकडे बघायचीसुद्धा तिला लाज वाटली.

सकाळी दिपक पहिल्या पाळीला गेला आणि रूपी गाठोडं बांधून ओट्यावर आली.

"कुठं निघालात?"

"कोसबाडला. जिवलीपाशी राहाते आता."

"पण आई, वचन तर..."

"वचनच पाळते ना! ज्याचं वझं त्यानं वाहायचं. जिवली माजं वझं. पोटात वाहिली तशी आता बाहेर वाहीन. ती मी तुज्या डोक्यावर टाकायला निघाले होते, बघ. प्रभूनं बरा कान धरला माजा." मग ती आत बघत म्हणाली, "शास्त्र इथंच राहू दे. तिथं वाचणारं कोण हाय?"

एका हाताने गुडघा दाबत, दुसऱ्या हाताने गाठोडं सावरत ती सडकेकडे चालू लागली. संगिता अनवाणीच मागोमाग गेली. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं तिला पावलोपावली वाटत होतं. सडकेवर पाड्यावरच्या झिपरूची इको गाडी प्रवाशांनी भरत होती. आता नाही बोललं तर कधीच नाही.

"आई, ते पान मी दाबून ठेवलं होतं. वरवंटा ठेवून. आणि तुमचं बोट त्या ओळीवर नव्हतंच."

रूपी वळली.

"तू वाचलीस ती ओळ शास्त्रात हाय का नाय?"

"आहे."

"मग ती मला पोचली. तू केलंस ते वाईट केलंस, पोरी. पण तुज्या करणीनं त्याचं वचन थोडंच खोटं होतंय?"

"बोटाखाली दुसरंच होतं, आई. तिथं असं लिहिलंय की..."

"मला नको सांगू." म्हातारीने हात वर केला. "मला मिळालं तेवढं मला पुरे. तू लपवलंस ते तुजं. ते तूच वाच."

ती पाय ओढत इकोत चढली आणि खिडकीशी गाठोडं मांडीवर घेऊन बसली. झिपरूने गाडी चालू केली, मान बाहेर काढली.

"वहिनी, येताय का? एक सीट हाय."

संगिताने पुढे होऊन दाराची मूठ धरली. आत बसायला धरली की दार लावून द्यायला, ते तिचं तिलाच कळेना.