साक्षीची सही

“सही कर गं पटकन. उरलेलं ओतून दिलं मी,” व्हर्ना म्हणाली आणि मी केली.

कॅनडात विनिपेगजवळच्या आमच्या हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांच्या शुश्रूषागृहात, नियम साधा आहे. बाटलीत उरलेलं मॉर्फिन दुसऱ्या नर्सच्या डोळ्यांदेखत ओतून टाकायचं आणि दोघींनी सही करायची. पण एकोणीस वर्षांची मैत्रीण ती. माझ्या घटस्फोटात तिनंच मला घरी ठेवून घेतलं होतं. तिच्या हातावर डोळे लावून कोण बसणार?

सात नंबरच्या खोलीत ऑरव्हिल होता. जन्मभर ट्रक चालवला, आता हाडांत कॅन्सर. व्हर्ना ड्युटीवर असली की कळवळायचा.

“अगं आर्डिथ, तिच्या सुईत काही नसतं.”

“औषधाला वेळ लागतो, ऑरव्हिल. जरा दम धरा,” मी म्हणायचे. वर वहीत लिहिलं, पेशंट कुरकुऱ्या आहे.

मंगळवारी दुपारी औषधांच्या खोलीत शिरले, तर व्हर्ना भरलेली सिरिंज पायमोज्यात खोचत होती.

“कंबर धरते गं माझी. सहन होत नाही.”

“आणि त्याला काय दिलंस?”

“मिठाचं पाणी.” मग मान वर करून म्हणाली, “सांगायचं तर सांग. पण पानापानावर तुझी सही आहे. बुडलो तर दोघी बुडू.”

माझ्या विश्वासाचाच फास तिनं माझ्या गळ्याला लावला. संताप आला, तिचा आणि माझाही.

मी मुख्य नर्सला सगळं सांगितलं. व्हर्नाला त्याच दिवशी कामावरून काढलं; माझ्यामागे चौकशी लागली, पण काम चालू राहिलं.

“ऑरव्हिलला मात्र बोलू नकोस,” बाई म्हणाल्या. “चार दिवसांचा सोबती तो. कशाला मनस्ताप?”

मला पटेना. मी सांगितलं.

तो म्हणाला, “ती चोरच, तिचं सोड. तुला मी अकरा दिवस सांगत होतो.”

“माफ करा,” एवढंच म्हणाले.

“आधी बाटली दाखव. यापुढे दाखवल्याशिवाय टोचायचं नाही.”

मग रोज दाखवत गेले. तो लेबल वाचायचा, औषध सिरिंजच्या कुठल्या रेघेपर्यंत आहे ते बघायचा आणि मगच दंड पुढे करायचा. माझ्याशी दुसरं काही बोलायचा नाही.

शनिवारी त्याची शुद्ध गेली. मी बाटली त्याच्या मिटलेल्या डोळ्यांसमोर धरली. लेबल मोठ्यानं वाचलं, रेघ सांगितली. थोडा वेळ थांबले आणि मग त्याचा दंड मीच उचलून घेतला.